दुसऱ्याच्या हातची जीटीओ

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून पंचेचाळिशीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नोकरी मोटारींच्या धंद्यातच, पण सगळं काम विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचं. त्यांना १९६८ची एक पाँटिअ‍ॅक जीटीओ (जनरल मोटर्सच्या या ब्रँडची मोठ्या इंजिनाची वेगवान गाडी) मिळते आहे : दोन दारांची, हार्डटॉप (पक्क्या छपराची, खिडक्यांमध्ये खांब नसलेली), चार गिअरची. मालकाने २०११मध्ये ती पूर्ण रिस्टोअर करून घेतली. बिलांची जाडजूड फाइल आहे आणि बेरीज ७० हजार डॉलरच्या पुढे जाते. मागतो आहे ४२ हजार. मूळ इंजिन मात्र गेलेलं आहे; त्या जागी पाँटिअ‍ॅकच्याच एका मोठ्या सेडानमधलं ४०० घनइंची इंजिन बसवलंय. गाडी मुळात हिरवी होती, आता लाल आहे. शेजारी म्हणतो, “नंबर जुळत नाहीत, त्या गाडीला किंमत नाही.” (इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळला तर इंजिन कारखान्यातलं मूळ मानतात.) ऑफिसातला मित्र म्हणतो, “दुसऱ्याने रिस्टोअर केलेली गाडी घेण्यात कसली मजा? स्वतः कर.” वाचक लिहितात : “गुंतवणूक म्हणून घ्यावी, गॅरेजमध्ये जपून ठेवावी असा विचार आहे. पण दोन मुलांचं कॉलेज तोंडावर आलंय, बायकोला हे पटणार नाही, आणि स्कूटरवर आयुष्य काढलेले वडील अजून फोनवर पहिला प्रश्न विचारतात, गाडी अ‍ॅव्हरेज किती देते. घेऊ की सोडून देऊ?”

उत्तर :

तुम्ही ती गाडी चालवून पाहिलीत की नाही, हे पत्रात कुठेच नाही. गुंतवणुकीबद्दल मात्र बरंच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

४२ हजारांची गाडी नावावर करताना मिशिगन राज्याचा सहा टक्के कर भरावा लागेल, म्हणजे २,५२० डॉलर. पुढे विमा, टायर, गॅरेजमधली अडलेली जागा आणि दर वर्षी निघणारं काही ना काही काम. हे सगळं भरून निघून वर नफा उरायचा तर भाव चांगलाच चढायला हवा. तो चढवणार कोण? पोरवयात या गाड्या रस्त्यावर पाहिल्या, तेव्हा खिशात दमडी नव्हती आणि पुढे आली, अशा लोकांनी हे भाव वर नेले. ती मंडळी आता सत्तरीपुढे गेलीत. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांना या गाड्या तेवढ्याच हव्या असतील असं धरून चालायला मला तरी कारण दिसत नाही. त्यात १९६८ या एका सालात ८७,६८४ जीटीओ बनल्या. दुर्मिळ म्हणावी अशी ही गाडी नाही. म्हणून माझा हिशेब साधा आहे : विकताना साधारण घातले तेवढे पैसे परत आले तर नशीब चांगलं, आणि मधला सगळा खर्च हौसेचा. हे पटत असेल तर पुढे वाचा. मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला काढलेल्या पैशाला हात लावावा लागणार असेल तर घेऊ नका.

मला वाटतं, गुंतवणुकीचं हे कारण तुम्ही वडिलांना सांगण्यासाठी तयार केलंय. आपल्याकडे हौसेला नेहमी काहीतरी सबब लागते. सोनं घ्यायचं ते अडीअडचणीला, घर मोठं घ्यायचं ते पाहुणे येतात म्हणून. वडिलांना सरळ सांगा : गॅलनला दहा-बारा मैल, म्हणजे लिटरला चार-पाच किलोमीटर. ते हसतील किंवा चिडतील, पण तुम्हाला त्यांच्यापुढे नफ्याची जाहिरात करावी लागणार नाही.

बायकोचं मत पत्रात एका ओळीत आहे आणि तेही तुमच्या अंदाजाचं. शेजाऱ्याचं आणि मित्राचं म्हणणं अवतरणात दिलंय, तिचं नाही. तिला विचारलंत का? अनेक घरांत खटकतो तो पैसा नसतोच. खटकतो तो नवऱ्याचा गॅरेजमध्ये गेलेला रविवार, किंवा आधी ठरवून मग “विचारण्याची” पद्धत. गाडी पाहायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या आणि शेजारच्या सीटवर बसवून एक फेरी मारा. क्लच जड असतो, आवाज फार असतो, पेट्रोलचा वास कपड्यांना लागतो. तिला आवडेल असं मी म्हणत नाही. पण मग ती जे म्हणेल ते या गाडीबद्दल असेल.

आता जपून ठेवण्याबद्दल. न चालवलेली जुनी गाडी सुरक्षित राहते, हा समज फार महाग पडतो. उभ्या गाडीत कार्ब्युरेटरची गॅस्केटं सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतून सिलिंडर गंजतात, गिअरबॉक्सची सीलं आक्रसतात आणि गळायला लागतात. ही गाडी आठवड्या-दोन आठवड्यांनी पूर्ण गरम होईपर्यंत चालली पाहिजे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं तेव्हा अर्थातच नाही. त्या महिन्यांत टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं द्रव्य) घाला, बॅटरीला बारीक करंटचा चार्जर लावून ठेवा आणि उंदरांचा बंदोबस्त करा. सीटमधली गादी त्यांना फार आवडते.

शेजाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मूळ इंजिन असतं तर भाव जास्त असता. पण मग मालकाने ४२ हजार मागितलेही नसते. जे नाही त्याचे पैसे तुम्ही देतच नाही आहात. खरा प्रश्न वेगळा आहे : ही गाडी जन्मापासून जीटीओ आहे का, की त्याच कंपनीच्या लमाँ या साध्या गाडीला बिल्ले चिकटवून तिची जीटीओ केली? १९६८च्या गाडीबाबत हे तपासणं सोपं आहे. डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून ड्रायव्हरच्या बाजूला दिसणारा नंबर २४२३७ने सुरू होत असेल तर कारखान्यातून ती जीटीओ हार्डटॉप म्हणूनच निघाली. पुढचा ८ म्हणजे १९६८. त्यानंतरचं अक्षर ‘पी’ असेल तर ती पाँटिअ‍ॅक शहरात, तुमच्या घराच्या जवळपासच बनलेली आहे. शिवाय पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या बिलांच्या नोंदी आहेत. थोडे पैसे भरले की मूळ रंग, इंजिन आणि गिअरबॉक्स कळतो. पैसे देण्याआधी हा कागद मागवाच.

दुसरी गाडी शोधणाऱ्या वाचकांसाठी एवढं सांगतो की हे सगळीकडे इतकं सोपं नसतं. १९६४-६५च्या जीटीओचा नंबर लमाँसारखाच असतो, तिथे कागदाशिवाय काही सिद्ध होत नाही. शेव्हरोलेच्या १९६९ ते ७२च्या शेव्हेल एसएसचं (एसएस म्हणजे शेव्हेलची जास्त ताकदीची आवृत्ती) एसएसपण नंबरात लिहिलेलं नाही आणि कारखान्याची नोंदही सहसा मिळत नाही, म्हणून नकली एसएस भरपूर आहेत. १९६७पासूनच्या मस्टँगसाठी मात्र फोर्डच्या नोंदींवरून तयार केलेला मार्टी रिपोर्ट मिळतो.

आणि ते सेडानचं इंजिन! तुमच्या शेजाऱ्याला जीटीओचा जन्म कसा झाला ते विचारा. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. जॉन डिलोरियन पाँटिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्या माणसांनी पाँटिअ‍ॅकच्या मोठ्या गाड्यांचं ३८९ घनइंची इंजिन टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत बसवून पाहिलं, ते बसलं, आणि नियम चुकवायला स्वतंत्र मॉडेल न म्हणता १९६४मध्ये टेम्पेस्ट लमाँवर पैसे भरून घेण्याची एक जोड म्हणून ते विकायला काढलं. हीच जीटीओ. मोठ्या सेडानचं इंजिन लहान गाडीत घालणं हा या गाडीचा मूळ उद्योग आहे. पाँटिअ‍ॅकच्या ३२६पासून ४५५पर्यंतच्या व्ही-एट इंजिनांची बाहेरची मापं सारखीच असल्यामुळे तुमच्या गाडीत ते बिनबोभाट बसलंही असेल.

फक्त दोन गोष्टी विचारा. इंजिनाला हेड (सिलिंडरांवरची झाकणं) कोणते आहेत आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) किती आहे? मूळ ३५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ होतं, ते आजच्या पंपावरच्या ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चढाला ठोकू शकतं, म्हणजे आतून खडखडू शकतं. सेडानचं इंजिन कमी कॉम्प्रेशनचं असेल तर ताकद थोडी कमी, पण रोजच्या चालवण्याला जास्त सोयीचं. आणि त्या काळचे हॉर्सपॉवरचे आकडे इंजिन बाहेर काढून, सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेले असत. १९७२पासून मोजायची पद्धत बदलली आणि आकडे एकदम खाली आले. तेव्हा त्या ३५०शी तुमच्या विजेच्या गाडीची तुलना करू नका, हराल.

मूळ इंजिन नसण्याचा एक फायदा कोणी बोलत नाही. अस्सल नंबरांची गाडी घेतलेले लोक तिच्यात साधा स्क्रू बदलतानाही घाबरतात. तुम्हाला ती भीती नाही. कॉन्टॅक्ट पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, पुढे डिस्क ब्रेक नसतील तर लावा, चांगले रेडियल टायर घाला. काढलेले सुटे भाग तेवढे खोक्यात नाव लिहून ठेवा, पुढच्या मालकाला हवे असतात.

आता खऱ्या जोखमीकडे येऊ. तुम्ही लिहिता, “गाडी पूर्ण रिस्टोअर केलेली आहे, त्यामुळे काही करायला लागणार नाही.” २०११मध्ये केलेलं काम आता जुनं झालं. तेव्हा बसवलेले रबरी होज, ब्रेकचे पाइप, इंजिनाची माउंटिंग्ज, दारांची रबरं, सगळ्यांचं वय झालं. टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तिथे ११ किंवा १२ दिसलं तर नक्षी कितीही खोल असो, टायर फेकायचे. इंधनाचे होज कोणत्या जातीचे आहेत तेही पाहा; आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या जातीचं रबर मऊ पडून फुटतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकतं.

बिलांची फाइल घरी मागून घ्या आणि बेरजेकडे दुर्लक्ष करा. ७० हजार हा आकडा मालकाचा तोटा आहे, गाडीची किंमत नव्हे. साधारण मस्कल कार (जीटीओसारखी मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी) रिस्टोअर करायला तिच्या बाजारभावापेक्षा जास्त खर्च येतोच, आणि पूर्ण झालेली गाडी विकत घेण्यातलं शहाणपण नेमकं तेवढंच आहे की तो तोटा आधीच्याने सोसलेला असतो. तुम्ही बघायचं ते पैसे कशावर गेले. रंग, क्रोम आणि सीट कव्हरांवर बहुतेक खर्च आणि पत्र्याच्या कामाचं बिल किरकोळ असेल, तर सावध व्हा. रंग उतरवून उघड्या पत्र्याचे फोटो काढलेत का? चांगलं काम करणारा गॅरेजवाला ते काढतोच. फोटो नसतील तर पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक घ्या आणि मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या पॅनेलची खालची कड, दारांचे खालचे कोपरे इथे फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी प्रत्येक गाडीत असते, तिच्यावरून सौदा मोडू नका. हातभर पट्टा चिकटेनासा झाला तर मोडा.

रंग बदललेला असणं हीसुद्धा एक सोयीची परीक्षा आहे. दाराची चौकट, डिक्कीचं झाकण आतून, डॅशबोर्डच्या खालचा भाग, बॉनेटचे बिजागर बघा. कोपऱ्याकोपऱ्यात हिरवा डोकावत असेल तर गाडी न उघडता वरवर फवारलेली आहे, आणि ज्याने तिथे घाई केली त्याने खालीही केली असणार.

कारण या गाडीचं सगळं खाली आहे. जीटीओची बॉडी वेगळ्या चॅसीवर बोल्टने बसवलेली असते. मिशिगनच्या मिठात ती चॅसी आधी सडते, विशेषतः मागच्या अ‍ॅक्सलवरून वर वळते तिथे. दुसरी जागा मागच्या काचेची खाच. तिथे पाणी साचतं, झिरपत डिक्कीच्या तळाशी जातं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. तुमच्या भागात निवृत्त झालेले जुने मेकॅनिक पुष्कळ आहेत. मालकाच्या ओळखीचा नसलेला, पाँटिअ‍ॅक माहीत असलेला एक जण गाठा आणि त्याला काही शे डॉलर देऊन अर्धा दिवस मागा. त्याला टायमिंग चेनबद्दल (इंजिनातला कॅम फिरवणारी साखळी) मालकाला मुद्दाम विचारायला सांगा. पाँटिअ‍ॅकच्या जुन्या व्ही-एटमध्ये कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात असत. ते वयाने ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. इंजिन सेडानमधून जसंच्या तसं उचलून बसवलं असेल तर तो गिअर अजून आत असू शकतो. बदलल्याचं बिल फाइलीत नसेल तर बदलायचाच, असं धरून चाला. इंजिनाच्या मागच्या बाजूला थोडा ऑइलचा ओलावा दिसला तर मात्र घाबरू नका. तिथलं सील दोरीचं असतं, थोडं गळतंच. ऑइल भरताना झिंक असलेलं भरा. आजच्या साध्या ऑइलने या इंजिनांचे कॅम झिजतात.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन कसं उठतं, धूर निळा आहे की पांढरा, हे गरम गाडीत कळत नाही. मग निदान अर्धा तास चालवा, त्यात सिग्नलची गर्दीही येऊ द्या आणि तापमानाचा काटा बघत राहा. हेडलाइट झाकणांआड लपणारे असतील तर ते चालू-बंद करून पाहा. ती झाकणं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर हलतात, आणि नळी गळत असेल तर गाडी एकच डोळा उघडते. दिसायला गंमत वाटते. गळती शोधताना वाटत नाही.

मित्राचं “स्वतः कर” यावर फार लिहीत नाही. तुम्हाला वेल्डिंग येतं का, मोकळं गॅरेज आहे का, पुढची तीन-चार वर्षं रिकामी संध्याकाळ आहे का? तिन्ही नसेल तर अर्धवट उघडलेली गाडी आणि खोक्यांत भरलेले बोल्ट असं विकायची वेळ येते. अशा जाहिराती रोज दिसतात. तयार गाडी घेतल्यावरही हाताला काम भरपूर उरतं : क्वाड्राजेट कार्ब्युरेटर लावणं, व्हॅक्यूमची गळती शोधणं, ब्रेक जुळवणं. बॅटऱ्यांच्या माणसाला महिनोन्‌महिने पुरेल.

मुलांबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. १९६८च्या गाडीत मागे फक्त कमरेचा पट्टा असतो आणि पुढच्या सीटना डोक्याला आधार बहुतेक नसतोच. तो सक्तीचा झाला १ जानेवारी १९६९पासून. पुढे खांद्याचा पट्टा आहे का ते पाहा, नसेल तर बसवून घ्या. मुलांना आइस्क्रीमला न्या, हायवेवर शिकागोला नेऊ नका. आणि नव्याने लायसन्स मिळालेल्या पोराच्या हाती किल्ली देऊ नका, त्याने कितीही गळ घातली तरी.

कागदपत्रांतली एक खाच तुमच्या राज्यापुरती. मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या, केवळ संग्रहासाठी ठेवलेल्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ नंबरपाटी मिळते. ती स्वस्त पडते. पण तिच्यावर गाडी क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, मिरवणुका अशा कामांनाच काढायची असते. अपवाद ऑगस्टचा, तेव्हा कुठेही फिरवा. शुक्रवारी ऑफिसला न्यायची इच्छा असेल तर साधी पाटी घ्या. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे रक्कम आधी ठरलेली राहते, नेहमीच्या पॉलिसीत घसारा कापून हातावर काय ठेवतील याचा नेम नाही. असा विमा देणारे बहुतेक जण बंद गॅरेज मागतात आणि रोज कामाला नेण्याला हरकत घेतात, म्हणून पाटी आणि पॉलिसी एकत्रच ठरवा.

ऑगस्टचा विषय निघालाच आहे, तर वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूचंही सांगतो. १९९५मध्ये फर्नडेलमध्ये सॉकरच्या मैदानासाठी निधी जमवायला सुरू झालेली ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉईटच्या या रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मोठी फेरी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी थेट पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत पसरते. गाडी नवी-नवी असताना त्या दिवशी मध्यभागी घुसू नका. गोगलगाईच्या चालीने तासन्‌तास सरकताना जुना रेडिएटर उकळतो. त्याच आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी जा. गर्दी बेताची असते आणि रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेली मंडळी बॉनेट उघडायला लावून तुमच्या इंजिनाचे नंबर तुमच्याआधी वाचतात. सेडानचं इंजिन पाहून एखादा नाक मुरडेल. त्याला ३८९ची गोष्ट सांगा, नाहीतर तो तुम्हाला सांगेल.

घेऊ की सोडू, याचं उत्तर आता लिफ्टवर आहे. मालक गाडी लिफ्टवर चढवू द्यायला कां-कू करत असेल तर तिथेच नमस्कार करा. चॅसी आणि कागद नीट निघाले, बायकोने फेरी मारली आणि कॉलेजचे पैसे बाजूला शाबूत असले, तर ३८ हजारांपासून बोलणं सुरू करा. टायर, होज आणि टायमिंग चेनचा खर्च यादी करून समोर ठेवा. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, कर्जाचा बोजा नाही हे पाहा, त्यावरचा नंबर डॅशबोर्डवरच्या नंबराशी अक्षर न्‌ अक्षर ताडा, आणि दोघांनी मिळून सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (मिशिगनमध्ये गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याच्या) ऑफिसात जाऊन गाडी नावावर करा, बँकेचा चेक तिथेच द्या. चॅसी सडलेली निघाली तर रंग कितीही चमकत असो, मेकॅनिकचे पैसे चुकते करून घरी या. १९६८च्या जीटीओ मिशिगनमध्ये आणखी आहेत.